घामाचा पैसा मागणे म्हणजे समाजद्रोह नव्हे!

गेल्या आठवड्यात आमच्या कार्यालयात एक समाजबांधव आले. वय पन्नाशीच्या पुढचे, धंदा गवंडीकामाचा. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत एक चुरगळलेली वही. वहीत पेन्सिलीने लिहिलेला हिशेब. प्लास्टरचे काम ७,००० चौरस फूट, दर २० रुपये, एकूण १,४०,००० रुपये. मिळाले ५४,०००. बाकी ८६,०००. काम संपून दोन वर्षे नऊ महिने झाले. हाताखालच्या गड्यांची मजुरी त्यांनी बायकोच्या कानातले मोडून चुकती केली, कारण गड्यांनाही घरदार आहे. पण त्यांचे स्वतःचे ८६,००० रुपये मात्र आजही ठेकेदाराच्या खिशात आहेत.

आम्ही विचारले, कोर्टात का गेला नाहीत? त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, “साहेब, ठेकेदार आपलाच आहे. जयंतीला मोठा बॅनर लावतो. विहाराच्या कमानीला ११ हजार दिले त्याने. मी पैसे मागितले तर म्हणतो, आपल्याच माणसाला कोर्टात खेचतोस? समाज काय म्हणेल? वस्तीतली चार माणसंही तेच म्हणतात, घरातली गोष्ट घरातच मिटवा.”

हे ऐकून आम्हांला ठेकेदाराचा जेवढा राग आला त्यापेक्षा अधिक राग त्या चार माणसांचा आला. पावणेतीन वर्षे गोष्ट घरातच होती. मग घराने ती का मिटवली नाही? समाजाच्या इभ्रतीची काळजी फक्त घाम गाळणाऱ्यानेच करायची काय? ज्याने पैसे बुडवले त्याने समाजाची बेअब्रू केली नाही आणि ज्याने मागितले त्याने केली, हा कुठला न्याय? हाच तर मनूचा न्याय! खालच्याने राबावे आणि मोबदला मागू नये, मागितलाच तर तो उर्मट ठरावा. आज तो न्याय निळा झेंडा खांद्यावर घेऊन आमच्याच वस्तीत नांदणार असेल तर आम्ही गप्प बसणार नाही.

समाजाला आम्ही थोडा इतिहास स्मरवू इच्छितो. आमच्या बापजाद्यांना गावगाड्याने काय दिले? वेशीवर पहारा द्या, सांगावा पोचवा, मेलेली ढोरे ओढा, सरकारी अंमलदाराचे सामान वाहा. दिवस नाही, रात्र नाही. त्याबदल्यात काय? वतनाचा जमिनीचा तुकडा आणि खळ्यावर हात पसरून मागायचे बलुते. पगार नाही, हिशेब नाही, दाद नाही. पाटलाची मर्जी असेल तर सूप भरून मिळेल, नसेल तर शिव्या मिळतील. हे दास्य ओळखूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायदा दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. बलुते ही भीक आहे आणि मजुरी हा हक्क आहे, एवढा साधा फरक समजावण्यात बाबासाहेबांच्या चळवळीची तीस वर्षे खर्ची पडली. आणि आज आमचा गवंडी आपल्या हक्काच्या मजुरीसाठी बलुते मागावे तसा ठेकेदाराच्या दारात उभा आहे!

कोर्टाची आम्हांला भीती वाटते हे खरे. भीतीलाही कारण आहे. कोर्ट म्हणजे सावकाराने खेचायची जागा, जमीनदाराने समन्स धाडायची जागा, पोलिसांनी पोराला उभे करायची जागा, हेच आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. कोर्टात आम्ही आरोपी होतो, प्रतिवादी होतो, साक्षीला आणलेले अंगठेबहाद्दर होतो. वादी कधी होतो? फिर्याद घेऊन, स्वतःच्या सहीने, मान ताठ ठेवून आम्ही कधी पायरी चढलो?

महाडचेच उदाहरण घ्या. चवदार तळ्याचा लढा सर्वांना ठाऊक आहे, पण त्या तळ्याचा दावा किती जणांना ठाऊक आहे? डिसेंबर १९२७ मध्ये सनातन्यांनी तळे खाजगी असल्याचा कांगावा करून बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दिवाणी दावा लावला, तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. हजारो सत्याग्रही जमलेले असताना बाबासाहेबांनी तो हुकूम मोडला नाही. ते कोर्टात लढले. खालच्या कोर्टात लढले, अपिलात लढले, आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आमच्या बाजूने दिला. सव्वानऊ वर्षे! ज्या महामानवाने ओंजळभर पाण्याच्या हक्कासाठी सव्वानऊ वर्षे कोर्टाची पायरी सोडली नाही, त्याचे अनुयायी ८६,००० रुपयांच्या हक्कासाठी पहिली पायरी चढायला लाजतात, याला काय म्हणावे?

आता कायदा काय सांगतो ते पाहू. आमचे वाचक मजूर आहेत, सफाई कामगार आहेत, घरकाम करणाऱ्या भगिनी आहेत, रिक्षावाले आहेत, छोटे ठेकेदारही आहेत. सर्वांना समजेल असे सांगतो.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मुदत. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे हातउसने दिलेले पैसे, विकलेल्या मालाची किंमत, केलेल्या कामाचा मोबदला यांच्या वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. तीन वर्षे उलटली की दावा मुदतबाह्य. प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी न्यायाधीशांना तो दावा फेटाळावाच लागतो. आमचे लोक इथेच मार खातात. “पुढच्या महिन्यात देतो”, “बिल निघू दे”, “पोरीचं लग्न होऊ दे” असे म्हणत म्हणत देणेकरी तीन वर्षे काढतो आणि चौथ्या वर्षी छातीठोकपणे म्हणतो, जा कोर्टात! त्याला मुदत ठाऊक असते, आम्हांला नसते. अज्ञान आमचे, फायदा त्याचा.

मुदत वाढते ती तोंडी वायद्याने नव्हे. तीन वर्षे संपण्याआधी देणेकऱ्याने ‘मी अमुक रक्कम देणे लागतो’ असे लिहून सही केली तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षे मिळतात. काही रक्कम फेडली आणि ती फेडल्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असली तरीही तसेच. नुसते हातावर पाचशे टेकवले, त्याची कुठे नोंद नाही, तर त्या पाचशेने मुदत वाढत नाही. म्हणून आम्ही सांगतो, तो वायदा करील तेव्हा त्याच्यापुढे कागद ठेवा. खरोखर द्यायचे असतील तर तो सही करील. सही करायला कां-कूं करू लागला तर त्याच दिवशी ओळखा की याच्या मनात पाप आहे.

दुसरी गोष्ट पुराव्याची. तोंडी करार कायद्याला मान्य आहे. ‘लिहून घेतले नाही म्हणजे गेले’ असे नव्हे. परंतु तोंडी करार शाबीत करणे आपल्यावर असते. त्यासाठी आपली वही, कामावरच्या गड्यांची साक्ष, बँकेतून किंवा मोबाइलवरून आलेल्या रकमांचा उतारा, कामाचे फोटो, ठेकेदाराने पाठवलेले संदेश हे सारे उपयोगी पडते. मोबाइलवरचे संदेशही पुरावा होतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, ते वकील तयार करून देतात. तेव्हा रागाच्या भरात संदेश पुसू नका, फोन विकू नका.

तिसरी गोष्ट दाव्याची. देणेकरी जिथे राहतो किंवा धंदा करतो, अथवा जिथे व्यवहार झाला, तिथल्या दिवाणी न्यायालयात दावा लावता येतो. त्याआधी वकिलामार्फत नोटीस पाठवावी. खाजगी माणसाविरुद्ध पैशाच्या दाव्याला अशी नोटीस सक्तीची नाही, पण पुष्कळदा नोटीस हातात पडताच मुजोर माणूस नरम येतो. सरकारविरुद्ध दावा असेल तर मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस द्यावीच लागते. वचनचिठ्ठी किंवा लेखी करार हातात असेल तर संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा लावता येतो. तिथे प्रतिवादीला समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजर व्हावे लागते आणि बचाव करायलाही न्यायालयाची परवानगी मागावी लागते. एका साध्या सहीच्या कागदाची किंमत किती आहे, हे यावरून समजून घ्या.

चौथी गोष्ट चेकची. देणेकऱ्याने चेक दिला आणि तो वटला नाही तर १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याचे कलम १३८ लागते. त्याची घड्याळे वेगळी आणि फार कडक आहेत. चेक तीन महिन्यांच्या आत बँकेत भरायचा. न वटल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे द्यायला १५ दिवस मिळतात. तेही उलटले की पुढच्या एक महिन्यात फौजदारी न्यायालयात तक्रार दाखल करायची. गुन्हा शाबीत झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही. न वटलेला चेक देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा वर्षभर ट्रंकेत ठेवणारे बांधव आम्ही पाहिले आहेत. असे करू नका.

पाचवी गोष्ट मजुरीची. जो नोकर म्हणून, रोजंदारीवर किंवा पगारावर राबतो, त्याला सरळ दिवाणी दाव्याच्या लांब वाटेने जाण्याची गरज नाही. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्याप्रमाणे रोजंदारी पाळी संपताच, आठवड्याची मजुरी आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा असतो. कामावरून काढले किंवा कामगाराने स्वतः काम सोडले तर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा असतो. तो न दिल्यास नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. दावा कामगाराला स्वतः करता येतो, त्याच्या नोंदलेल्या संघटनेलाही करता येतो. प्राधिकारी बाकी रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई देववू शकतो. आणि वेतन दिले हे शाबीत करण्याची जबाबदारी मालकावर आहे, कामगारावर नव्हे! ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ज्या कंपनीचे काम आहे तिच्यावरही ती जबाबदारी येते. नगरपालिकेच्या ठेक्यावर, कारखान्याच्या ठेक्यावर राबणाऱ्या आमच्या बांधवांनी हे पाठ करावे.

सहावी गोष्ट खर्चाची. ‘कोर्टात जायला पैसे कुठून आणू?’ हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला खरे उत्तरही आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मोफत कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. स्त्रियांनाही नाही, मग त्या कोणत्याही जातीच्या असोत. १९९० सालच्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, तेव्हा धर्मांतरित बांधवांनीही मागे राहण्याचे कारण नाही. तालुक्याच्या न्यायालयातच तालुका विधी सेवा समिती असते. तिथे अर्ज करा, जातीचा दाखला जोडा. वकील मिळतो, कोर्ट फीचा भारही उचलला जातो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. समितीने दिलेला वकील लक्ष देत नसेल तर लेखी तक्रार करून वकील बदलून मागा. ही मेहेरबानी नाही. संविधानाच्या कलम ३९-अ ने राज्यावर टाकलेले ते कर्तव्य आहे.

लोकअदालतीचाही मार्ग आहे. दावा लावण्यापूर्वीही प्रकरण तिथे नेता येते. कोर्ट फी नाही. चालू दावा तिथे मिटला तर भरलेली फी परत मिळते. तडजोड झाली की तिला हुकूमनाम्याचे बळ येते आणि तिच्यावर अपील नसते. परंतु एक सावधगिरीची सूचना. तडजोड दोघांच्या संमतीनेच होते, हे विसरू नका. “८६ पैकी ३० घे आणि सही कर” असा दाब कोणी आणला तर सरळ नकार द्या. अपील नसते हे जसे सोयीचे आहे तसे धोक्याचेही आहे. आणि तडजोडीची बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबते, असे समजून गाफील राहू नका.

आता आम्ही खोटे स्वप्न दाखवणार नाही. दिवाणी कोर्ट म्हणजे तारखांचे कोर्ट. समन्स बजावले जात नाही, प्रतिवादी कैफियत देण्यास वेळ लावतो, वकील आजारी पडतो, न्यायाधीशांची बदली होते. रोज बुडवून तारखेला जाणे मजुराला परवडत नाही. आणि एवढे करून हुकूमनामा मिळाला तरी पैसे हातात येतातच असे नाही. मग दरखास्त लावावी लागते, जप्ती मागावी लागते. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला १२ वर्षांची मुदत आहे. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली बजावले आहे, तरी दरखास्तींचे गठ्ठे आपण सारेच पाहतो. तेव्हा दावा लावण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा, देणेकऱ्याकडे जप्त करण्यासारखे काही आहे काय? बँकेतले खाते, गाडी, प्लॉट, दुसऱ्याकडून येणारे बिल, पगार, यांची माहिती आधीच जमवावी. तो मालमत्ता विकून पळण्याच्या बेतात असेल तर निकालाआधीच जप्तीचा अर्ज करता येतो.

पण इथेही कायद्याचे एक माणुसकीचे अंग आहे, ते आमच्या लोकांना माहीत असायला हवे. देणेकऱ्याचे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत. गवंड्याची थापी, चांभाराची रापी कोणताही बेलिफ उचलून नेऊ शकत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. आणि ज्याच्याकडे खरोखरच द्यायला काही नाही अशा गरिबाला केवळ गरिबीसाठी तुरुंगात टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितले. हा निकाल न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्या खंडपीठाचा आहे. म्हणजे कायदा असहाय माणसाला सोडतो आणि असून न देणाऱ्याला धरतो. आमचा रोषही असाच असावा. ज्याचा धंदा बुडाला, ज्याच्या घरात आजारपण आहे, त्याला हप्ते बांधून द्या, लेखी घ्या, सवड द्या. परंतु जो नवी गाडी घेतो, लग्नात डीजे लावतो आणि गवंड्याला ‘उद्या ये’ म्हणतो, त्याला कसली सवड?

काही तरुण म्हणतील, कोर्टाची भानगड कशाला, चार पोरे घेऊन जाऊ आणि वसूल करू. हा मार्ग आत्मघाताचा आहे. आज तुम्ही वादी आहात, उद्या खंडणीचे आणि मारहाणीचे आरोपी व्हाल, आणि पैसे बुडवणारा सभ्य फिर्यादी ठरेल. पोलीस ठाणेही वसुली कार्यालय नाही. पैसे घेतानाच फसवण्याचा हेतू असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा होतो. पण पैसे परत दिले नाहीत एवढ्यानेच फसवणूक होत नाही. तसेच अॅट्रॉसिटी कायद्याचे. सवर्ण मालकाने मजुरी मागणाऱ्याला जातीवरून चारचौघांत अपमानित केले, वेठबिगारी करवली, मजुरी मागितली म्हणून गावाने बहिष्कार टाकला, खोटे दावे लावले, तर तो कायदा जरूर वापरा, अजिबात कचरू नका. पण निव्वळ पैशाच्या तंट्यात ते हत्यार काढू नका. हत्यार बोथट झाले तर ज्या भगिनीवर खरा अत्याचार झाला तिच्या हाती काय उरेल? आणि दोघेही अनुसूचित जातीचे असतील तर तो कायदा लागतच नाही.

मराठवाड्यातील ऊसतोड बांधवांसाठी दोन शब्द. उचल घेतली म्हणून मुकादम किंवा मालक माणसाला डांबून ठेवू शकत नाही. सक्तीने राबवून घेण्यासाठी बांधलेले कर्ज १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने रद्दच झाले आहे. किमान वेतनाहून कमी देऊन राबवणे हेही संविधानाच्या कलम २३ मधील सक्तीचे श्रम आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाड प्रकरणात म्हटले. तेव्हा हंगामाच्या शेवटी ‘तुझ्याकडेच बाकी निघते’ असे मुकादमाने सांगितले तर हिशेब मागा. किती टन तोडला, काय दर, किती उचल, किती कपात? ज्याच्याकडे बाकी निघते म्हणतात, तो पुष्कळदा खरा धनको असतो!

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे येतो. समाज काय म्हणेल? आम्ही बौद्ध आहोत. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, वेळेवर सुट्टी द्यावी. अनाथपिंडिकाला उपदेश करताना गृहस्थाच्या सुखांमध्ये त्यांनी ऋणमुक्तीचे सुख गणले. आणि विनयाचा नियम तर याहून बोलका आहे, कर्जदाराला प्रव्रज्या देऊ नये! कर्ज बुडवून चीवराआड लपता येत नाही, असा दंडक ज्या शास्त्याने घातला, त्याच्या विहाराच्या कमानीआड ठेकेदाराला लपता येईल काय? गवंड्याचे ८६,००० बुडवून कमानीला ११,००० देणे हे दान नव्हे. ते दान गवंड्याच्या खिशातून गेले आहे. सम्यक आजीविका पंचशीलाच्या पाटीवर नसते, ती हिशेबाच्या वहीत असते.

म्हणून विहार समित्यांना आमची सूचना आहे. देणगी घेताना देणाऱ्याला एकदा विचारा, मजुरांचे देणे चुकते झाले काय? आंबेडकरवादी वकिलांनी महिन्यातला एक रविवार विहारात बसावे. वह्या तपासाव्यात, मुदत मोजावी, नोटीस लिहून द्यावी. चार शिकलेल्या मुलांनी वस्तीतल्या मजुरांना तारीखवार हिशेब लिहायला शिकवावे आणि प्रत्येक कामाआधी एक कागद करून द्यावा. त्यात कामाचे वर्णन, दर, हप्ते, तारीख आणि दोघांच्या सह्या असाव्यात. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले ते केवळ पदवीसाठी नव्हते. आपल्या घामाचा हिशेब आपल्याला मांडता यावा, हाही त्या शिक्षणाचा अर्थ आहे.

आणि वस्तीतल्या पुढाऱ्यांना एकच सांगणे. समाजातली गोष्ट समाजात मिटवायची असेल तर जरूर मिटवा. दोघांना समोर बसवा, वही उघडा, रक्कम ठरवा, तारीख ठरवा, सही घ्या. तशी सही झाली तर कोर्टाची गरजच उरणार नाही. पण हे करायची धमक नसेल तर गवंड्याच्या वाटेत उभे राहू नका. एकी म्हणजे एकाने बुडवावे आणि दुसऱ्याने सोसावे, असे नव्हे. हिशेब चोख असेल तिथेच भाऊबंदकी टिकते.

त्या बांधवांना आम्ही तालुका विधी सेवा समितीचा अर्ज भरून दिला. त्यांच्या हातात आता तीनच महिने आहेत. उठताना त्यांनी पुन्हा विचारले, “साहेब, लोक नावं ठेवतील ना?” आम्ही म्हणालो, ठेवू द्या. महाडलाही ठेवली होती. वही सांभाळा, तारीख चुकवू नका आणि कोर्टाच्या दारात ठेकेदार भेटला तर त्याला आधी जयभीम करा. मग आत जाऊन वादीच्या जागी उभे राहा.

जयभीम!